भागीदारी करारावर सही करण्यापूर्वी: मुदतींच्या वहीपासून सुरू होणारी तयारी

सार्वजनिक-खाजगी भागीदारीच्या कराराची तयारी कुठून सुरू करावी, असे विचारले तर मी कोणती जोखीम कोणी उचलायची हे दाखवणाऱ्या तक्त्याच्याही आधी मुदतींच्या वहीचे नाव घेईन, कारण मागच्या करारात ती मी ठेवली नव्हती. करार जलशुद्धीकरण केंद्राचा होता आणि मी सार्वजनिक प्राधिकरणाच्या बाजूने काम पाहत होतो. गाळातील पाणी यंत्राने काढण्याऐवजी तो उघड्या वाफ्यांवर वाळवावा, असा बदल सुचवणारे पत्र कंपनीकडून आले. त्यावर आवक विभागाचा शिक्का पडला, पत्र अभियांत्रिकी शाखेकडून वित्त शाखेकडे आणि तेथून विधी सल्लागारांकडे गेले, प्रत्येकाने समासात शेरा लिहिला, आणि सर्व शेरे एकत्र करून मी हरकत पाठवली तेव्हा शिक्क्याच्या तारखेपासून तेविसावा दिवस उजाडला होता. करारातील मुदत २१ दिवसांची होती आणि मुदतीत उत्तर न आल्यास बदल मान्य समजला जाईल, असे त्याच कलमाच्या शेवटच्या ओळीत लिहिले होते. वाफ्यांना जास्त जागा लागते आणि जागा देण्याची जबाबदारी आमची होती, त्यामुळे दोन दिवसांच्या उशिराचा भार थेट प्राधिकरणावर आला. ती ओळ वाटाघाटीच्या वेळी मी स्वतः वाचली होती.

म्हणून मसुदा पहिल्यांदा हातात येईल त्याच दिवशी वही सुरू करा. कलमाचा क्रमांक, मुदत किती, ती पत्राच्या तारखेपासून मोजायची की पोच मिळाल्यापासून, दिवस कॅलेंडरचे की कामकाजाचे, उत्तर न दिल्यास काय घडते, उत्तर कोण देणार आणि तो रजेवर असल्यास त्याच्या जागी कोण, एवढे रकाने पुरेत. जबाबदारी शाखेच्या नावावर टाकू नका, व्यक्तीच्या नावावर टाका.

निविदेची कागदपत्रे, सक्षम मान्यता आणि सल्लागारांची नेमणूक यांवर वेगळे लिहीत नाही. मात्र पसंतीची कंपनी जाहीर झाली की स्पर्धा संपते आणि तुमचे बळ ओसरते, त्यामुळे महत्त्वाची कलमे निविदाकार एकाहून अधिक असतानाच पक्की करा. मागणीचा अंदाज कोणी केला आणि तो चुकल्यास फटका कोणाला, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. सिडनीतील क्रॉस सिटी बोगदा २००५ साली खुला झाला तेव्हा दिवसाला सुमारे ९०,००० वाहनांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याच्या जेमतेम एक-तृतीयांश वाहने आली आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली.

स्पर्धाबंदीचे कलम तर पुन्हा पुन्हा वाचा. कॅलिफोर्नियातील राज्यमार्ग ९१ वरील खाजगी टोल मार्गिका १९९५ साली सुरू झाल्या, तेव्हा शेजारच्या मोफत मार्गिकांची क्षमता वाढवण्यावर करारानेच बंधन घातले होते. कोंडी वाढली तरी शासनाचे हात बांधलेले राहिले आणि अखेर २००३ साली ऑरेंज काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणाने त्या मार्गिका २० कोटी ७५ लाख डॉलरला विकत घेतल्या. कंपनीला असे संरक्षण हवे असणे स्वाभाविक आहे, परंतु त्याचे क्षेत्र, कालावधी आणि अपवाद तुम्हीच लिहून मागितले पाहिजेत.

मौनाला संमती मानण्याच्या कलमाबाबतही हेच. कंपनीची बाजू मी नाकारत नाही, कारण फाइल अडली की तिच्या कर्जावरचे व्याज थांबत नाही. नेहमीच्या आराखड्यांना हा नियम असू द्या. जागा, खर्च आणि सुरक्षितता यांना हात लावणाऱ्या बदलांत मात्र मौन म्हणजे नकार, असे स्पष्ट लिहून घ्या. ते मान्य होत नसेल तर, कृपा करून, वही. आणि करारात सोय असल्यास पत्र आल्यापासून तिसऱ्या दिवशीच ‘हरकत राखून ठेवली आहे, सविस्तर कारणे मुदतीत कळवू’ असे उत्तर पाठवा, कारण शेरे गोळा होण्याची वाट पाहण्यातच माझे दिवस गेले.

आर्थिक मॉडेल, म्हणजे प्रकल्पाचा उत्पन्न, खर्च आणि कर्जाचा हिशेब मांडणारी संगणकीय पत्रिका, सूत्रांसह, कुलूप न लावलेले मागा, कारण नुसत्या आकड्यांच्या प्रतीवर पुढे कोणत्याही बदलाची भरपाई तपासता येत नाही. बांधकाम पूर्ण झाले की जोखीम घटते आणि कंपनीला स्वस्त कर्ज मिळते; त्या बचतीतील तुमचा वाटा आजच ठरवा. सेवेच्या दर्जाचे मोजमाप कंपनीच करणार असेल, तर मूळ नोंदी पाहण्याचा आणि न कळवता नमुना घेण्याचा अधिकार हवाच.

सहीनंतर वाटाघाटीचा चमू पांगतो आणि करार ज्यांच्या हाती येतो त्यांनी तो घडताना पाहिलेला नसतो. वही त्यांच्या हातात द्या, सोबत बसून प्रत्येक नोंद वाचा आणि आवक विभागाला सांगा की कंपनीचे पत्र आले की शिक्का मारल्याबरोबर त्याच दिवशी वहीत नोंद व्हावी. तुम्ही जागा किंवा परवाना द्यायला उशीर केल्यास भरपाई लागू होते, त्या तारखाही वहीतच. कंपनीच्या दाव्यांनाही मुदती असतात, त्याही लिहा.

पुढचे थोडक्यात. कर्जदात्यांचा हस्तक्षेपाचा हक्क (कंपनी अडचणीत आल्यास तिचे काम हाती घेण्याचा), करार संपवल्यास द्यायची रक्कम आणि लवादाची पद्धत विधी सल्लागारांकडून उदाहरणाच्या आकड्यांसह समजून घ्या. कराराच्या अखेरीस मालमत्ता परत घेण्यापूर्वीच्या तपासणीची सूचना किती महिने आधी द्यायची, ती तारीखही पहिल्याच दिवशी त्याच वहीत लिहून ठेवा.