हैनानी चिकन राइस घरी करताना या चुका टाळा

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, काचेमागे टांगलेल्या फिकट कोंबड्या पाहून आपल्याकडची बरीच माणसं पुढच्या स्टॉलकडे वळतात. लाल तवंग नाही, मसाल्याचा घमघमाट नाही, मग खायचं काय? पण पाण्यात मंद शिजवलेली कोंबडी आणि तिच्याच पाण्यात केलेला भात, असा हैनान बेटावरून आलेल्या चिनी लोकांनी तिथे रुजवलेला हा पदार्थ नीट जमला, तर कोंबडीची मूळ चव काय असते ते कळतं. झाकायला मसाला नसल्याने चूकही पहिल्याच घासाला कळते.

सगळा घात होतो तो खळखळत्या उकळीने. आपला हात रश्श्याला सरावलेला, मांस हाडापासून सुटेपर्यंत शिजवायचं. ब्रॉयलरच्या छातीचे तंतू त्या आचेवर आक्रसतात, आतला रस पिळून बाहेर टाकतात आणि हाती चोथा येतो. पाण्यात आलं आणि कांद्याची पात घाला, उकळी आली की अख्खी कोंबडी छाती खाली करून सोडा. पुन्हा उकळी येऊ लागताच आच अगदी बारीक करा. पाणी नुसतं थरथरायला हवं, एखादाच बुडबुडा वर यावा. सव्वा किलोच्या कोंबडीला 35 ते 40 मिनिटं, मग गॅस बंद करून झाकणाखाली आणखी 10 मिनिटं.

एवढं करूनही मांडी कच्ची राहते का? मग पोटात गार पाणी अडकलेलं असतं. सुरुवातीलाच दोन-तीनदा कोंबडी उचलून ते पाणी ओतून द्या, म्हणजे आत गरम पाणी शिरतं. घड्याळावर विसंबू नका. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटरने 74 अंश सेल्सियस दाखवायला हवं. तेवढं दाखवत असेल आणि हाडाजवळ गुलाबी दिसत असेल, तर घाबरू नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडांतल्या मगजाचा तो रंग असतो.

शिजलेली कोंबडी लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवायची. दोन ट्रे बर्फ पुरत नाही, मोठं पातेलं भरून घ्या. हे टाळलं तर आतल्या उष्णतेने मांस शिजतच राहतं, कातडी लोंबते आणि तिच्याखाली धरणारा जेलीचा पातळ थर धरत नाही. त्या थरासाठीच तर हा खटाटोप!

म्हणूनच दुकानदाराला आधी बजावून ठेवा, कातडीसकट अख्खी हवी. आपल्याकडे न विचारताच कातडी ओढून काढतात. शक्यतो ताजीच घ्या. 2022 च्या जूनमध्ये मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली, तेव्हा गोठवलेल्या कोंबडीला ती चव नाही म्हणून सिंगापूरचे चिकन राइसवाले हवालदिल झाले होते.

भात चिकट गोळा झाला तर दोष पाण्याच्या मापाचा. धुतलेला जास्मिन तांदूळ आधीच ओला असतो. तो चाळणीत नीट निथळा, कोंबडीच्या पोटातून काढलेली चरबी वितळवून तिच्यात आलं-लसूण परता, त्यावर तांदूळ परता आणि वाटीला वाटीभरच स्टॉक, म्हणजे कोंबडी शिजवलेलं पाणी, घाला. चरबीऐवजी नुसतं तेल वापरलं तर तो साधा आलं-लसणाचा भात होतो. पांदानचं सुवासिक पान मिळालं तर गाठ मारून टाका.

उरलेला स्टॉक म्हणजे आपलं अळणीच. थोडं मीठ घालून, गरम वाटीतून सोबत वाढा. त्यातलेच दोन चमचे लाल मिरची, लसूण, आलं आणि लिंबाच्या चटणीत घाला, नाहीतर ती नुसती झोंबते.