शाळेच्या मैदानावर जेटचं शेवटचं उड्डाण: फक्की, सुतळी आणि एक संध्याकाळ

संग्रहालयात जायला शेवटचं उडालेलं एक जेट शाळेच्या मैदानावर खऱ्या मापात आखायचं आणि संध्याकाळी गावाला त्याची गोष्ट सांगायची, असा हा कार्यक्रम. आधी विमान पक्कं करा. "कुठलंतरी जुनं जेट" म्हणून भागत नाही, पोरांना नाव, नंबर आणि गाव लागतं. मी आर्वी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. आमचा हा कार्यक्रम गल्फस्ट्रीम-२ वर चालतो. नंबर एन-९४६-एनए, घर ह्यूस्टनचा एलिंग्टन तळ आणि शेवटचा मुक्काम अमारिलो, टेक्सास.

हेच विमान घेण्याला कारण आहे. गल्फस्ट्रीम-२ हे मुळात कंपन्यांच्या बड्या साहेबांना फिरवणारं जेट. पहिल्यांदा उडालं २ ऑक्टोबर १९६६ ला. गांधी जयंती असल्यामुळे वर्धा जिल्ह्यातल्या पोरांना ही तारीख पाठ करावी लागत नाही. पुढे नासानं अशी चार विमानं घेतली आणि त्यांचा कायापालट करून स्पेस शटल (अंतराळात जाऊन परत विमानासारखं धावपट्टीवर उतरणारं यान) उतरवण्याच्या सरावासाठी वापरली. २१ जुलै २०११ ला शेवटचं शटल, अटलांटिस, उतरलं आणि या विमानांचं कामच संपलं. त्यातलं हे एक त्याच वर्षी सप्टेंबरात अमारिलोच्या संग्रहालयात गेलं. तिथल्या विमानतळाला रिक हजबंड यांचं नाव आहे. ते त्याच गावचे आणि कोलंबिया या शटलच्या शेवटच्या सफरीचे कमांडर. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया कोसळलं तेव्हा त्यांच्यासोबत कल्पना चावला होती. एवढं सांगितलं की मागच्या बाकावरचे पोट्टेही पुढे सरकतात.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण बरेच शिक्षक इथेच उलटं करतात: प्रोजेक्टर शेवटी लावायचा. आधी पडदा लावला तर पोरं विमान "बघून" मोकळी होतात, आणि बघून झालेल्या गोष्टीबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. आधी ते मैदानावर आखायचं, खऱ्या मापाचं.

वेळ निवडताना कापूस वेचणीचे दिवस टाळा. त्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात असतो आणि ते बरोबरही आहे, घर त्यावर चालतं. फेब्रुवारी उत्तम. मार्चच्या मध्यानंतर दुपारी मैदानावर उभं राहणं म्हणजे पोरांना भाजायला ठेवणं.

सामान असं: फक्की (कबड्डीच्या मैदानाला मारतो तीच), सुतळीचा मोठा गुंडा, मीटर टेप, चार खुंट्या, पुठ्ठे, लाल कापडाच्या पट्ट्या आणि हिरव्या कागदात गुंडाळलेली एक बॅटरी. मैदान मुरमाचं असेल तर फक्की उठून दिसते. गवत असेल तर आधी छिलून घ्या. आखणी सकाळी सात-आठच्या आत उरका. त्यानंतर वारा सुटतो आणि अर्धी फक्की कपड्यांवर येते.

आखणीची युक्ती अशी. गल्फस्ट्रीम-२ ची लांबी २४.३६ मीटर आणि पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर २०.९८ मीटर. वरून दिसणाऱ्या विमानाचं रेखाचित्र शोधून नाकापासून शेपटीपर्यंत २४.४ सेंटिमीटर भरेल एवढं मोठं करून छापा. मग कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे मैदानावरचा एक मीटर. ए-फोर कागदावर लांबी आरामात बसते, पण पंखांचे २१ सेंटिमीटर थेट कागदाच्या काठाला भिडतात आणि प्रिंटर टोकं खातो. म्हणून चित्र दोन तुकड्यांत छापून चिकटवा. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्री कागद असेल तर प्रश्नच नाही.

मैदानावर आधी मधली रेघ टाका, नाक ते शेपूट. त्या रेघेला काटकोनात दुसरी दोरी लागते. इथे गणिताचा तास फुकट मिळतो. तीन मीटर, चार मीटर, पाच मीटर असा दोरीचा त्रिकोण ताणला की काटकोन तयार. गवंडी घराचा पाया असाच आखतो, आणि वर्गात एकतरी गवंड्याचं पोर असतंच. त्याला पुढे करा. ते पोर वर्षभर फळ्यापासून लपत असेल तर नक्कीच करा.

मग नाकापासून दर दोन मीटरवर खूण करून कागदावरची मापं उतरवत जा. विमानाचं धड जवळपास अडीच मीटर रुंद आहे. पंख मागे झुकलेले आहेत, सरळ काढू नका. सरळ पंख काढलं की ते पेरणीचं यंत्र दिसतं (हे मत आमच्या शिपाईभाऊंचं). दोन्ही इंजिनं पंखाखाली नाहीत, मागे शेपटीजवळ धडाच्या दोन बाजूंना आहेत. आडवी शेपटी उभ्या शेपटीच्या अगदी डोक्यावर बसते. उंचीही दाखवा: शेपटीचं टोक जमिनीपासून साडेसात मीटर. बांबू बांधून उभा केला की तो आमच्या शाळेच्या स्लॅबच्या बराच वर जातो आणि गेटवर रिकामी बसलेली मंडळीही उठून आत येतात.

फक्की मारून झाली की पोरांना आत बसवा. कॉकपिटात डावीकडे शिकाऊ अंतराळवीर, उजवीकडे शिकवणारा पायलट. नासाच्या विमानात डावी बाजू शटलसारखी केली होती, उजवी नेहमीच्या जेटसारखीच ठेवली होती. डावीकडच्या खिडक्या अशा झाकलेल्या असत की शटलमधून दिसतं तेवढंच बाहेरचं दिसावं. पुठ्ठ्याला फट पाडून डावीकडच्या पोराच्या डोळ्यांसमोर धरा. लगेच तक्रार येते, "मॅडम, काही दिसूनच नाही राह्यलं!" बरोबर, तसंच हवंय.

आता सुतळीचा भाग. वेळ कमी असेल तर बाकी सगळं गाळा, पण हे गाळू नका.

प्रवासी विमान धावपट्टीकडे साधारण ३ अंशांच्या उतारानं येतं. शटल येत असे जवळपास २० अंशांनी. आकडे नुसते सांगून पोरांच्या डोक्यात काही उतरत नाही. शाळेच्या स्लॅबची उंची मोजा, आमची तीन मीटर भरते. वर एक मोठा माणूस सुतळीचं टोक धरून उभा करा, पोरांना चढवू नका. ३ अंशांसाठी दुसरं टोक भिंतीपासून ५७ मीटरवर न्या. आमच्याकडे सुतळी मैदान ओलांडून, फाटकातून बाहेर पडून रस्त्यापलीकडच्या पानटपरीपर्यंत जाते. मग २० अंशांसाठी दुसरी सुतळी घ्या. ती फक्त सव्वाआठ मीटरवर जमिनीला टेकते. एक सुतळी टपरीला, दुसरी इथेच पायाजवळ. हे बघितल्यावर कोणाला "तीव्र उतार" हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला: गुळगुळीत अंगाचं, छान तरंगणारं जेट इतकं सरळ खाली कसं आणायचं? नाक खाली केलं तर वेग हाताबाहेर जातो. आपल्याकडे भरलेली बंडी उतारावर आली की बैल अंग मागे रेटतात, तोच हा प्रकार. सुमारे ३७,००० फुटांवर मुख्य चाकं बाहेर काढायची आणि दोन्ही इंजिनांचा झोत उलटा, पुढच्या बाजूला वळवायचा, तेही हवेत असताना. पुढचं चाक मात्र आतच ठेवायचं, त्याला तो ताण झेपत नाही. साधारण जेटमध्ये उलटा झोत विमान जमिनीला टेकल्यावरच वापरतात. कमांडरला पहिल्या सफरीआधी असे निदान एक हजार सराव लागत. शटलला इंजिनाच्या जोरावर पुन्हा वर जाता येत नसे, उतरायची संधी एकच.

बॅटरीचं काम इथे. सरावाचं हे विमान धावपट्टीला टेकतच नसे. शटल मोठं, त्याचं चाक टेकतं तेव्हाही पायलटचे डोळे जमिनीपासून बरेच वर असतात. सरावाच्या विमानात डोळे तेवढ्या उंचीवर आले आणि वेग बरोबर असला की समोर हिरवा दिवा लागे. त्या वेळी विमान अजून वीसेक फूट हवेत असे. मग पुन्हा वर. खेळ असा घ्या: डावीकडचं पोर फटीतून बघत "उतरतं", उजवीकडचं योग्य क्षणी हिरवी बॅटरी दाबतं. भांडणं होतात, होऊ द्या.

संध्याकाळी गावकऱ्यांना बोलवा. सरपंचभाऊंना आधी सांगा, म्हणजे मैदानावर दिवा आणि बसायला ताडपत्री येते. माणसं टिकवायची असतील तर आलूपोहे ठेवा. आता प्रोजेक्टर. झालेल्या उड्डाणाची चित्रफीत दाखवा, दुसऱ्या एखाद्या विमानाच्या थेट उड्डाणाच्या मागे लागू नका. हवा बिघडली की ते दोन दिवस पुढे जातं आणि तुमचे पोहे वाया जातात. थेटच करायचं असेल तर वेळेचं गणित पोरांकडून करून घ्या. टेक्सासच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळ चालू असताना आपण साडेदहा तास पुढे असतो: तिथे सकाळचे १० तर इथे रात्रीचे साडेआठ. हिवाळ्यात फरक साडेअकरा तासांचा. विमान शोधायला त्याचा नोंदणी क्रमांक टाका. अमेरिकेतल्या विमानांचा 'एन' नं सुरू होतो, आपला 'व्हीटी' नं. मालकानं विनंती केली असेल तर काही संकेतस्थळं विमान दाखवतच नाहीत, मग नकाशाकडे बघत बसू नका.

अंतर आपल्या मापात सांगा. एलिंग्टन ते अमारिलो हवाई अंतर पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास नागपूर ते दिल्ली.

म्हाताऱ्या माणसांचे प्रश्न पोरांपेक्षा चांगले असतात. आमच्या एका आबाजींनी विचारलं, "मंग येवढं चांगलं इमान इकलं काहून नाही?" उत्तराची तयारी ठेवा. एक तर त्याचा कॉकपिट आणि यंत्रणा इतकी बदललेली की ते कुठल्या साहेबाच्या कामाचं राहिलं नव्हतं. दुसरं म्हणजे या जातीची इंजिनं फार गोंगाट करतात आणि इंधन खातात. अमेरिकेनं ३१ डिसेंबर २०१५ नंतर ७५,००० पौंडांपर्यंतच्या गोंगाटी जेटना आपल्या मुख्य भूमीवर बंदीच घातली. इंजिनाला आवाज कमी करणारा साज चढवा, नाहीतर उडू नका. कित्येक जुनी जेट त्या तारखेमुळेच जमिनीवर आली.

संग्रहालयात पोहोचल्यावर काय करतात, हेही विचारतील. इंधन काढून घेतात, बॅटऱ्या काढतात, इंजिनांची तोंडं आणि हवेचा वेग मोजणाऱ्या नळ्या झाकतात, नाहीतर पाखरं आणि कुंभारीण माशा घर करतात. उडणाऱ्या विमानावरही मुक्कामात अशी झाकणं असतात आणि उड्डाणाआधी काढायची आठवण राहावी म्हणून त्यांना लाल पट्ट्या लोंबत ठेवतात. तुमच्या लाल कापडाच्या पट्ट्या इथे लावा, इंजिनांच्या आणि नाकाच्या फक्कीवर.

हे सगळं परदेशातलं झालं असं कोणी म्हटलं तर नागपूर काढा. १९४९ पासून तिथे रात्रीची टपाल विमानं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून येऊन मध्यरात्री एकमेकांशी टपाल बदलत. १९९१ पासून दोन दशकांहून जास्त काळ एक बोइंग ७२० त्याच विमानतळावर उभं होतं, त्याच्यासाठी कोणी शेवटचं उड्डाण ठरवलं नाही की संग्रहालय शोधलं नाही. आणि मिहानमध्ये (नागपूर विमानतळाजवळच्या औद्योगिक वसाहतीत) फाल्कन-२००० या बिझनेस जेटचे भाग बनतात. २०२५ मध्ये तर पूर्ण विमान तिथे बनवण्याची घोषणा झाली. ही शेवटची गोष्ट दहावीच्या पोरांना जरा सावकाश सांगा, आयटीआयला कोणता ट्रेड घ्यायचा हा विचार त्यांच्या डोक्यात चालू असतो.

तुमचं मैदान लहान असेल तर गल्फस्ट्रीमचा हट्ट धरू नका. लिअरजेट-२३ घ्या: लांबी १३.२ मीटर, पंख १०.८ मीटर, पहिलं उड्डाण ७ ऑक्टोबर १९६३. त्यातलं एक अगदी सुरुवातीचं विमान अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या विमान-संग्रहालयात आहे. त्याची केबिन आतून जेमतेम सव्वाचार फूट उंच. तेवढ्या उंचीवर दोरी बांधा आणि सरपंचभाऊंना खालून चालत जायला सांगा.