रॅकेट आवळू नका, केळं धरल्यासारखी धरा

अर्धा तास टेनिस खेळलं की कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो आणि तरी बॉल नेटमध्येच जातो. माझं वर्षभर हेच चाललं होतं. दोष ताकदीचा नव्हता, मुठीचा होता.

आपल्या जळगावकडे पिकलेलं केळं कसं धरतात? सुटू नये, पण पिचकूही नये. रॅकेट तशीच धरायची.

१. बॉलची वाट बघताना रॅकेटचा भार डाव्या हातावर, दांड्याच्या वर जिथे दोन फाटे फुटतात तिथे. उजवी मूठ नुसती टेकलेली. (डावखुऱ्यांनी उलट.)
२. पूर्ण आवळणं म्हणजे १० धरलं, तर पकड ३-४ वर ठेवा. बॉल लागताना ती आपोआप घट्ट होते, मुद्दाम काही करायचं नाही.
३. खांदे आणि कंबर आधी वळवा, हात मागून येऊ द्या. रॅकेटचं सुमारे ३०० ग्रॅम वजनच बॉल ढकलतं.
४. मारताना तोंडाने श्वास सोडा. दात आवळलेले असले की मूठही आवळली जाते, हे माझं मला फार उशिरा कळलं.

प्रत्येक पॉइंटनंतर रॅकेट डाव्या हातात घेऊन उजवी बोटं झटका.

एक जपा: नेटजवळ व्हॉली (टप्पा पडायच्या आधीच मारलेला बॉल) मारताना पकड थोडी घट्टच हवी, नाहीतर रॅकेट हातात फिरते. आणि मे महिन्यात आपल्याकडच्या ४५ अंशांत तळवा घामाने निथळतो, मग सैल पकड धोक्याची. ओव्हरग्रिप (दांड्यावर गुंडाळतात ती पातळ पट्टी) गुळगुळीत झाली की लगेच बदला.