आधी टॉवेल पुरून बघा, मग जीवाणूंची बाटली घ्या

मागच्या जूनमध्ये मी सोलापुरी टेरी टॉवेलचे सहा तुकडे केले आणि डाळिंबाच्या बागेत पुरले. नवरा म्हणाला, "वापरायचा टॉवेल होता तो." होता. पण त्याआधीच्या दोन वर्षांत मी जीवाणू खतांच्या बाटल्यांवर जेवढे पैसे घातले, त्यात टॉवेलांची गाठोडी आली असती. मातीत जीव आहे की नाही हे न बघताच मी बाटल्या ओतत होते.

आमची बाग सांगोला तालुक्यात, तीन एकर, बारा वर्षांची. माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, एकदा नांगरट चालू असताना बांधावर बसून म्हणाल्या, "पूर्वी नांगरामागं बगळ्यांची रांग लागायची गं. आता ट्रॅक्टरमागं एक बी येत नाही." मी नुसतं हो म्हटलं. नंतर खटकलं. बगळे गांडुळं आणि किडे टिपायला येतात. ते येत नाहीत, म्हणजे खाली टिपायला काही उरलेलं नाही.

मातीत जीव किती उरलाय हे बघायला टॉवेल असा पुरायचा. कापड शंभर टक्के सुती हवं. सुती कापड म्हणजे सेल्युलोज, आणि ते खाणं हे मातीतल्या बुरशी-जीवाणूंचं रोजचं काम. पॉलिस्टरला ते तोंड लावत नाहीत. टॉवेलच्या किनारीत पुष्कळदा पॉलिस्टरचा धागा असतो, म्हणून किनार कापून टाका आणि मधला एक धागा जाळून बघा: सुताची राख होते, कागद जळाल्यासारखा वास येतो, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. नवीन कापड गरम पाण्यात दोनदा धुवा, नाहीतर जीवाणू आधी खळ खात बसतात. सारख्या मापाचे तुकडे करून वाळवा, वजन लिहून ठेवा. माझे तुकडे 40 ग्रॅमचे होते.

तीन तुकडे झाडांच्या ओळीत, ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, सहा इंच खोल. तीन बांधावर, जिथे फवारणी कधीच पोचत नाही तिथे. नायलॉनची दोरी बांधून तिचं टोक वर ठेवा. बांधावरच्या तुकड्यांना आठवड्यातून दोनदा पाणी द्या. आपल्याकडचा पाऊस बेभरवशाचा, आणि कोरड्या मातीत जीवाणू निपचित पडतात. पाणी दिलं नाही तर तुलना मातीची होत नाही, ओलाव्याची होते. साठ दिवसांनी काढा, हलक्या हाताने धुवा, वाळवा, परत वजन करा.

यात मी एकदा फसले. बांधावरच्या एका तुकड्याची चाळणी झालेली बघून मी खूश. मग भोकांच्या कडेला मातीचे पापुद्रे दिसले. वाळवी. वाळवीने खाल्लेला तुकडा मोजायचा नाही. जीवाणूंनी खाल्लेलं कापड सगळीकडून विरतं, बोटाने ओढलं की सुटतं.

माझे आकडे: बांधावरचे वाळवी न लागलेले दोन तुकडे 12 आणि 14 ग्रॅम उरले. ओळीतले तिन्ही 30 च्या वर. एकाला तर मी धुऊन परत हात पुसले असते.

मग हे कशाने, याचा शोध. इथे एक फरक लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यावर उभं आहे: काही विषं कुजतात, काही कुजत नाहीत. बहुतेक कीटकनाशकं आणि तणनाशकं जीवाणू हळूहळू मोडून खातात, वेळ लागतो एवढंच. तांबं, जस्त, कॅडमियम हे धातू आहेत. त्यांना मोडायला काही नसतंच. एकदा मातीत आले की राहिले.

डाळिंबवाल्यांचा धातू म्हणजे तांबं, आणि ते येतं मोरचुदातून, म्हणजे कॉपर सल्फेटमधून. वही काढा आणि हिशोब करा. एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि चुना. मोरचुदात तांबं असतं पाव हिस्सा. एकराला 400 लिटर फवारलं तर चार किलो मोरचूद, म्हणजे एक किलो तांबं. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची फुलं, धरायचे, पावसात तेल्या या जीवाणूंच्या रोगाची भीती, वर्षाला पाच फवारण्या व्हायच्याच. बारा वर्षांचं झालं 60 किलो. एका एकरातली वरची सहा इंच माती आठ-नऊ लाख किलो भरते. सगळं तांबं वरच राहिलं असं धरलं तर किलोमागे 65 ते 75 मिलिग्रॅमची भर. युरोपात सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा आहे, म्हणजे वर्षाला एकरी साधारण 1.6 किलो. मी पाच घालत होते, आणि वर बोर्डो सेंद्रिय शेतीतही चालतं म्हणून छाती फुगवून सांगत होते.

तांबं बुरशीला आणि जीवाणूंना मारतं म्हणूनच आपण ते फवारतो. खाली पडल्यावर त्याला त्यातलं चांगलं कोण आणि वाईट कोण हे कळत नाही. गांडुळं तर तांब्याच्या मातीतून सरळ निघून जातात.

आपल्या बाजूने एक गोष्ट आहे. चुनखडीच्या, आठच्या वर सामू (पीएच) असलेल्या काळ्या मातीत तांबं बरंचसं घट्ट बांधलेलं राहतं. म्हणून ड्रिपमधला चुना काढायला आम्ल सोडता तेव्हा नळीचं टोक उघडून ते पाणी बागेबाहेर काढा. ड्रिपरखालीच आम्ल मुरलं की तेवढ्या जागेत बांधलेलं तांबं मोकळं होतं, आणि नेमकी तिथेच अन्न-पाणी ओढणारी पांढरी मुळं असतात.

माती परीक्षणाला देताना नुसतं नत्र-स्फुरद-पालाश मागू नका. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुनखडी आणि उपलब्ध तांबं, म्हणजे मुळांना घेता येईल तेवढं, मागा. एकूण तांब्याच्या आकड्याने घाबरायचं नाही. आपली माती बेसाल्टची, तिच्यात तांबं मुळातच असतं. बांधाच्या मातीचा वेगळा नमुना द्या आणि उपलब्ध तांब्याचे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. नमुना लाकडी खुरप्याने, प्लास्टिकच्या घमेल्यात घ्या, गंजक्या लोखंडाने नको. आणि खताच्या रिकाम्या पोत्यात तर मुळीच नको.

तणनाशकाचा संशय असेल तर प्रयोगशाळाही नको. आमच्या भाऊजींच्या उसात अ‍ॅट्राझिन मारलेलं होतं. ऊस मोडून मूग पेरला, तो तीन पानांवर पिवळा पडून गेला. मी त्या रानातली माती दोन डब्यांत भरली, बांधावरची दोन डब्यांत. प्रत्येकी एका डब्यात ज्वारी, एकात काकडी. ज्वारी अ‍ॅट्राझिन पचवते, काकडी पचवत नाही. तीन आठवड्यांत भाऊजींच्या मातीतली ज्वारी हिरवीगार, काकडीची जुनी पानं कडेने जळालेली. बांधाच्या मातीत दोन्ही धडधाकट. आपल्या चढ्या सामूच्या मातीत अ‍ॅट्राझिन जास्त दिवस टिकतं. अशा रानात शेणखत, ओलावा आणि एक ज्वारीचं पीक घ्या. पुढचं काम जीवाणू करतात.

चवळीच्या गाठी बघणं सगळ्यात सोपं. ओळीमध्ये मूठभर चवळी टोचा, चाळीस दिवसांनी खोऱ्याने मातीसकट उचला. ओढून उपटलं की गाठी तुटतात. गाठ नखाने फोडा: आत गुलाबी-लाल असेल तर नत्र ओढायचं काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. मात्र तिथे नुकताच युरिया पडला असेल तर गाठी तशाही कमी येतात, तो दोष तांब्याच्या माथी मारू नका.

आता काय बदललं ते. मृग सोडून हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरतानाचा, धरला. पाऊस संपत आल्यावर पाणी दिलं की तेल्याचा जोर कमी असतो, त्यामुळे वर्षातून दोनच बोर्डो झाल्या. छाटलेल्या फांद्या आणि गळलेली पानं बागेबाहेर नेतो. त्यांच्याबरोबर थोडं तांबंही जातं आणि तेल्याचे जीवाणूही. जूनमध्ये ओळींच्या मध्ये ताग पेरला, फुलावर आला तसा कापून झाडाखाली पसरला. वर उसाचं पाचट. सेंद्रिय पदार्थ तांब्याला धरून ठेवतो आणि जीवाणूंना खायलाही देतो. खायला न देता नुसतं जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवण) ओतणं म्हणजे पाहुण्यांना बोलावून चूल न पेटवणं, असं माझं मत आहे. शेजारी यावरून अजून भांडतात.

ट्रायकोडर्मा आणि तांबं एकत्र देऊ नका. एका दुकानदाराने मला दोन्ही एकाच टाकीत घालून आळवणी करायला, म्हणजे झाडाच्या मुळाशी ओतायला, सांगितली होती, "एका कामात दोन कामं." ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे. हजार रुपयांची बुरशी मी बुरशीनाशकात घालून मारली. आता तांब्यानंतर किमान पंधरा दिवस थांबते, शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत वाढवते आणि संध्याकाळी देते.

आणि फवारणीची टाकी जिथे कालवता-धुता ती जागा बघा. आमच्याकडे विहिरीजवळच्या एका लिंबाच्या झाडाखाली बारा वर्षं तेच चाललं होतं. तिथे नंतर वेगळा पुरलेला सातवा तुकडा साठ दिवसांनी 39 ग्रॅम निघाला. आता धुतलेलं पाणी पंपात भरून बागेतच विरळ फवारतो, आणि त्या लिंबाखाली काही पेरत नाही.