नेटवर्क प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतोय? आधी आयपी पत्ता बघा

ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकायची घाई करू नका. बहुतेक वेळा दोष तिथे नसतोच. प्रिंटरच्या मेनूमधून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा आणि त्यावरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर प्रिंटर ओळखणारा क्रमांक, वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल, वायफायचा पासवर्ड तपासा. अनेक प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात, त्यांना ५ गिगाहर्ट्‌झचं नेटवर्क दिसतच नाही.

पत्ता ठीक असेल तर कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग’ लिहा, जागा सोडून तो पत्ता टाका. उत्तर आलं नाही, तर दोन्ही उपकरणं एकाच नेटवर्कवर आहेत का बघा. गेस्ट वायफायवरून सहसा प्रिंटर सापडत नाही.

उत्तर येतंय, तरी छपाई होत नाही? मग विंडोजमधलं पोर्ट बघा, म्हणजे विंडोज छपाईचं काम कुठल्या पत्त्यावर पाठवतं ती नोंद. राउटरने प्रिंटरला नवा पत्ता दिलेला असतो आणि विंडोज जुन्याच पत्त्यावर काम पाठवत राहतं. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्‌स’ टॅबवर जाऊन नव्या पत्त्याचं स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट जोडा. प्रिंटर चालू असूनही ऑफलाइनच दिसत असेल, तर तिथेच ‘कॉन्फिगर पोर्ट’मधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची (प्रिंटरची स्थिती विचारणाऱ्या सोयीची) खूण काढा.

हाच घोळ पुन्हा नको असेल तर राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते देणाऱ्या) सेटिंगमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) एक आयपी राखून ठेवा. मॅक पत्ता त्याच छापलेल्या पानावर असतो.