चोडण, दिवाडी आणि फुकटातली फेरी : पणजीहून दिवसभराचा गोल

गोव्यात बोट म्हटली की लोकांच्या डोळ्यासमोर ती संध्याकाळची क्रूझ येते, डीजे, लाइटी, स्टेजवर नाचायला बोलावणारा अँकर वगैरे. मला विचाराल तर त्या पैशात दोन दिवस मासे खा आणि बोटीची हौस सरकारी फेरीबोटीत भागवा. मांडवी तीच, वारा तोच, आणि चालत गेलात किंवा स्कूटर घेऊन गेलात तर फेरीबोटीला एक रुपया पडत नाही. २०२३ मध्ये टू-व्हीलरला भाडं लावायचं घाटत होतं, पण लोकांनी एवढा ओरडा केला की ते तिथेच थांबलं.

माझी मावशी रायबंदरला असते त्यामुळे माझ्या फेऱ्या बऱ्याच झाल्यात, चुकाही भरपूर करून झाल्यात, म्हणून लिहितोय. बहुतेक लोक काय करतात, जुन्या गोव्यातली चर्च बघतात, मग कुणीतरी सांगतं म्हणून फेरीने दिवाडीला जातात, तिकडे अर्धा तास स्कूटर फिरवून फोटो काढून त्याच फेरीने परत येतात. असं करू नका. दोन बेटं आहेत, चोडण आणि दिवाडी, आणि दोन्ही एका गोलात होतात : रायबंदरहून फेरीने चोडण, चोडणहून रस्त्याने मये, तिथून नार्वे, नार्वेहून फेरीने दिवाडी, आणि दिवाडीहून फेरीने जुने गोवे. एकच रस्ता दोनदा लागत नाही आणि तीनदा नदी ओलांडायला मिळते.

आता दिशा कुठली घ्यायची. मी म्हणेन सकाळी चोडण आणि संध्याकाळी दिवाडी. कारण साधं आहे, चोडणला पक्षी आहेत आणि पक्षी तुमच्या नाश्त्यासाठी थांबत नाहीत.

स्कूटर भाड्याने घेताना काळ्या प्लेटवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी स्वस्त पडते खरी पण ती भाड्याने देणं बेकायदा आहे, पोलिसांनी अडवलं की फिरणं बाजूला राहतं. पेट्रोल पणजीतच भरून घ्या. पणजीहून रायबंदरला जाताना पाटोच्या पुढे जो लांबलचक सरळ रस्ता लागतो, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरांची जागा, तो साधा रस्ता नाहीये, पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला पूल आहे, पोंते द लिन्यारिश, तीन किलोमीटरच्या आसपास लांब. त्यावरून आजही गाड्या धावतात आणि बहुतेकांना आपण पुलावर आहोत हे कळतही नाही.

रायबंदरच्या फेरीधक्क्यावर पोचलात की आधी थांबा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. खरंच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बोट लागलेली दिसली म्हणून सरळ स्कूटर घातली खाली, समोरून उतरणाऱ्या गाड्या यायच्या होत्या, मी उतारावर मधोमध अडकलो, ब्रेक दाबला तर चाक घसरायला लागलं, बायको मागे बसून ओरडतेय, आणि बोटीतले पन्नास लोक ऑफिसला उशीर होतोय अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघतायत. शेवटी एका कॉलेजच्या पोराने गाडी मागे ओढायला मदत केली. तर नियम असा की आधी सगळे उतरतात, माणसं आणि गाड्या दोन्ही, मग खलाशी हात करतो आणि मगच आपण हलायचं. रांग असते, ती दिसत नसली तरी असते. स्कूटरवाले बाजूने पुढे सरकतात ते चालतं, पण कारच्या रांगेत मध्येच कार घुसवलीत तर गोंयकार किती शांत असतात हा तुमचा समज तिथेच संपेल.

उताराबद्दल अजून एक. धक्का म्हणजे पाण्यात उतरत जाणारा सिमेंटचा रॅम्प असतो आणि बोट आपली लोखंडी फळी त्यावर टेकवते. भरती असेल तर बोट वर येते, उतार थोडाच लागतो. ओहोटीला बोट खाली असते आणि जो भाग एरवी पाण्याखाली असतो तो उघडा पडतो, चिखल, शेवाळं, सगळं. तिथे पुढचा ब्रेक विसरून जा. मागे बसलेल्याला आधीच उतरवा, तो चालत येईल, तुम्ही एकटे हळू सरळ रेषेत न्या, लोखंडी फळीवर वळवू नका आणि थांबवूही नका. पावसात तर ही फळी साबण लावल्यासारखी असते.

आत गेलात की खलाशी दाखवेल तिथेच गाडी लावायची, इंजिन बंद, आणि उतारा, गाडीवर बसून राहू नका, बोट धक्क्याला लागताना झटका देते. मधला भाग गाड्यांचा आणि दोन्ही कडेला माणसांसाठी अरुंद जागा, बसायला बाकडी. लाइफ जॅकेट कुठे अडकवलेत ते नजरेखालून घाला, एवढं तरी करा. दहा-एक मिनिटांचा तर प्रवास आहे. रायबंदर-चोडण मार्गावर २०२५ च्या जुलैपासून रो-रो, म्हणजे गाड्यांसाठीची मोठी फेरीबोट, पण सुरू झालीय, तिच्यात कार जास्त मावतात आणि ती भरभर जाते. कार नेणार असाल तर भाडं पडतं, सुट्टे पैसे हाताशी ठेवा. पण कार नेऊच नका असं माझं मत, चोडणचे आणि दिवाडीचे आतले रस्ते बघितलेत की कळेल का ते.

कधी कधी बोट नदीत मध्येच मंद होते, काही बिघडलेलं नसतं, खनिजाचा बार्ज जात असतो. तो प्रचंड लोखंडी डबा जड भरलेला असला की पाण्यात जवळजवळ बुडालेला दिसतो आणि त्याला पटकन थांबता येत नाही, म्हणून फेरीवाला त्याला आधी जाऊ देतो. मला हे दृश्य भारी आवडतं.

चोडणला उतरलात की लगेच तिथेच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, शोधत जायला नको. १९८८ साली जाहीर झालं, १७८ हेक्टर, सगळं खारफुटीचं रान. वनखात्याची छोटी फी आहे. इथे लोकांची निराशा होते ती एकाच कारणाने, भरती-ओहोटी न बघता येतात. आतल्या खाड्यांतून होडीने फिरायचं असेल तर पाणी चढलेलं हवं, ओहोटीला होडी चिखलात रुतते. उलट ओहोटीला चालत गेलात तर मजा वेगळी, खारफुटीची मुळं भाल्यासारखी चिखलातून वर आलेली, एकच मोठा डेंगा मिरवणारे खेकडे, आणि निवटे, म्हणजे तो मासा जो पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारत फिरतो. कोकणातल्या लोकांना निवटे ताटात माहीत असतात, जिवंत उड्या मारताना बघणं वेगळंच. तर आदल्या रात्री मोबाईलवर पणजीचं भरतीचं टायमिंग बघून ठेवा, आणि लक्षात ठेवा की रोज ते साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं, म्हणजे मित्राने गेल्या आठवड्यात सांगितलेली वेळ आज कामाची नाही. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण खंड्या, बगळे आणि ती तपकिरी-पांढरी ब्राह्मणी घार एरवीही दिसतात. झाडांना उलटी टांगलेली मोठी वटवाघळं पण आहेत. आणि पाणी कितीही शांत दिसलं तरी पाय सोडून बसू नका, या खाड्यांमध्ये मगरी आहेत, गंमत करत नाहीये.

चोडण गावातून पुढे रस्ता मयेकडे जातो, पूल आहे, इथे फेरी लागत नाही. मधे जुनी घरं, ओसरीवर बसलेली म्हातारी माणसं, माडाच्या बागा. थांबलात तर थांबा, पण कुणाच्या घरासमोर उभं राहून फोटोशूट करू नका, लोक राहतात तिथे. मयेचा तलाव पाच मिनिटं बघायला ठीक आहे.

नार्वे मात्र घाईत करू नका. सप्तकोटेश्वराचं देऊळ झाडीत खाली दडल्यासारखं आहे, कौलारू, घुमटाचं, दीपमाळ असलेलं, आणि इतकं शांत की आपणच हळू बोलायला लागतो. हा गोव्यावर पोर्तुगीजांच्या आधी राज्य केलेल्या कदंब राजांचा देव, मूळचा नदीपलीकडे दिवाडीवरचा. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर लिंग नदी ओलांडून इकडे आणलं गेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ बांधवलं, दारावर शिलालेख आहे तो नक्की वाचा. चोडणचा देवकीकृष्ण पण असाच गाव सोडून शेवटी माशेलला गेला. म्हणजे ज्या नदीवरून आपण मजेत फेरीने इकडून तिकडे करतो तिच्यावरून त्या काळी देव रातोरात हलवत होते, हे एकदा डोक्यात बसलं ना की पुढची फेरी वेगळी वाटते.

देवळापासून नार्वेचा धक्का जवळच आहे. ही फेरी रायबंदरइतकी गजबजलेली नसते, त्यामुळे एक चुकली तर वाट बघावी लागते. "फेरी केन्ना येतली?" एवढी कोंकणी पाठ करून ठेवा, मराठीही सगळ्यांना कळते पण हे विचारलंत की समोरचा जरा हसून उत्तर देतो. आणि शेवटची फेरी किती वाजता तेही आधीच विचारून घ्या, नाहीतर डिचोलीवरून मोठा वळसा.

दिवाडीच्या बाजूला उतरलात की पुढे खाजन शेतातून रस्ता जातो. खाजन म्हणजे नदीकाठची खारी जमीन, बांध घालून खारं पाणी अडवायचं आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीची, दारं भरती-ओहोटीप्रमाणे उघड-बंद करून आत भात करायचा, शेकडो वर्षांची पद्धत आहे. पावसाळ्यात आणि सप्टेंबरमध्ये गेलात तर दोन्ही बाजूंनी असलं हिरवंगार की डोळे निवतात. त्या मानशी दिसल्या की थांबून बघा, लाकडाचं दार पाण्याच्या जोरानेच मिटतं, मोटर नाही काही नाही. जुन्या देवळाचं कोटितीर्थ तळंही याच बाजूला.

मग टेकडीवर पिएदादचं चर्च. चढ आहे, स्कूटर चढते. वरून मांडवीचा सगळा विस्तार दिसतो, पलीकडे जुन्या गोव्याची चर्च झाडीतून डोकं काढून उभी, आणि संध्याकाळी चारनंतरचा प्रकाश इथे फार सुंदर पडतो, म्हणूनच मी दिवाडी शेवटी ठेवायला सांगतोय. बाजूच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलमध्ये कदंबांच्या देवळातलं कोरीव छत टिकून राहिलंय, ते विचारून बघा, कुलूप असेल तर हट्ट करू नका.

ऑगस्टमधल्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेराम असतो, मालार वाड्यावर, झेंड्यांची मिरवणूक. मूळ जमिनीच्या हद्दीवरून होणाऱ्या वाड्यावाड्यांच्या भांडणाचं, आता सगळी धमाल. एकदा बघण्यासारखा आहे पण त्या दिवशी गाडी घेऊन फेरीत शिरायचं स्वप्न बघू नका, गाडी जुन्या गोव्यातच ठेवून चालत बोटीत चढा. रात्री परतीच्या रांगेत आम्ही इतका वेळ उभे होतो की मुलगा माझ्या खांद्यावर झोपून उठला तरी आम्ही तिथेच.

ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी पूर्ण गोलाचा नाद सोडा, फक्त दिवाडी करा. पणजीच्या कदंब स्टँडवरून जुन्या गोव्याची किंवा फोंड्याची बस, गांधी सर्कलला उतरून नदीकडे चालत खाली, वाटेत व्हाइसरॉयची कमान लागते, वास्को द गामाच्या पणतूने १५९९ मध्ये बांधवलेली. पूर्वी लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून याच कमानीखालून शहरात शिरायचा, आता आपण पिशवी सांभाळत उलट्या दिशेने बोटीकडे जातो. पलीकडे उतरल्यावर चर्चपर्यंत चालायला बऱ्यापैकी अंतर आहे, उन्हात तर जास्तच वाटतं, टोपी आणि पाणी हवंच.

पावसाळ्याचं लोक विचारतात. समुद्रातल्या बोटी पावसाळ्यात बंद असतात तसं इथे नाही, ही नदी आहे आणि पलीकडच्या लोकांना रोज कामाला यायचं असतं, त्यामुळे फेरी चालू असते. वारा फारच सुटला तर थोडा वेळ थांबवतात. आणि सकाळी आठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळा टाळा, शाळा-ऑफिसची गर्दी असते, तुम्ही फिरायला आलाय, त्यांना ऑफिसात हजेरी पंच करायचीय.

आम्ही दिवाडीहून परत निघतो ते साधारण सातनंतर. जुन्या गोव्याच्या फेरीत तेव्हा जागा असते, कडेच्या बाकावर बसलं की पाण्याचा गार वारा लागतो, आणि पाच-सात मिनिटांत कमानीचा दिवा दिसायला लागतो. गाडीची किल्ली तेवढी आधीच खिशातून काढून ठेवा, मागे रांग असते.