हलका, परवडणारा आणि ग्राफिक्सला पुरेसा लॅपटॉप कसा निवडावा

बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की वास्तुकला, ॲनिमेशन किंवा प्रॉडक्ट डिझाइनकडे निघालेल्या मुलांचे पालक माझ्याकडे लॅपटॉपची चौकशी करू लागतात आणि बहुतेकांची मागणी शब्दशः एकच असते: लोकलच्या गर्दीतून रोज नेता येईल इतका हलका, थ्रीडी मॉडेल फिरवताना अडखळणार नाही इतक्या ताकदीचा आणि ७०-७५ हजारांच्या आत बसणारा. या तिन्ही गोष्टी एकाच यंत्रात पूर्णपणे मिळत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. कोणत्या बाबतीत किती पडते घ्यायचे, हे ठरवणे एवढेच खरे काम आहे. ‘आय-सेव्हन बघ आणि आरटीएक्स आहे ना ते बघ’ हा घरोघरी मिळणारा सल्ला मात्र कृपया विसरावा, कारण इंटेलचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड यांच्या या दोन नावांखाली इतकी निरनिराळ्या ताकदीची यंत्रे विकली जातात की त्यावरून काहीच कळत नाही.

१. सॉफ्टवेअरची यादी

वरच्या वर्गातील मुलांना विचारून पहिल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी करावी. ऑटोकॅडमधील द्विमितीय आराखडे, फोटोशॉप आणि स्केचअपमधील लहान मॉडेल एवढ्यावर भागणार असेल, तर प्रोसेसरच्या आतच असलेले ग्राफिक्स, ज्याला इंटिग्रेटेड म्हणतात, ते पुरते. इमारतींचे थ्रीडी मॉडेल बनवणाऱ्या रेव्हिटला ग्राफिक्सपेक्षा प्रोसेसरचा वेग आणि रॅम यांची भूक अधिक असते. ल्युमियन, एन्स्केप किंवा ब्लेंडरमधील सायकल्सचे रेंडर, म्हणजे मॉडेलवरून खऱ्यासारखे चित्र तयार करण्याचे काम, यादीत असेल, तरच स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा विचार करावा. रेव्हिट आणि ल्युमियन मॅकवर चालत नाहीत, त्यामुळे यादीत ती दोन नावे असतील तर मॅकबुक एअर कितीही देखणा आणि सव्वा किलोचा असला तरी त्याचा नाद सोडावा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या लॅपटॉपची बॅटरी उत्तम टिकते, पण या कामाची अनेक सॉफ्टवेअर त्यावर धड चालत नाहीत. त्यामुळे तोही नको.

२. वजन

जाहिरातीतील वजन चार्जरशिवायचे असते. टाइप-सी पोर्टवर चालणारा ६५ वॅटचा चार्जर पिशवीत जाणवतही नाही. १५० वॅट किंवा त्यापुढचा चार्जर वायरीसकट अर्ध्या किलोच्या वर जातो. म्हणून नेहमी दोन्हींची बेरीज धरावी. मी प्रवासाच्या बॅगा अडकवून तोलायचा छोटा वजनकाटा सोबत नेतो. दुकानदार हसतात, पण जोखू देतात.

३. कार्डाचे नाव वाचू नये, वॅट वाचावेत

ही पायरी मला स्वतःला फार उशिरा कळली आणि तोवर पैसे गेलेले होते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी मी दीड किलोच्या आतला, आरटीएक्स ३०५० कार्ड असलेला एक सडपातळ लॅपटॉप घेतला. त्याच सुमारास माझ्या भाच्याने त्याच कार्डाचा, पण सव्वादोन किलोचा, प्लास्टिकच्या बांध्याचा आणि माझ्यापेक्षा स्वस्त लॅपटॉप घेतला. मी त्याला बरेच ऐकवले होते. पुढे एका प्रकल्पासाठी आम्ही ब्लेंडरमधील एकच फाइल दोन्हीकडे रेंडरला लावली, तेव्हा माझ्या यंत्राला त्याच्या जवळजवळ दीडपट वेळ लागला. रॅम तितकीच होती आणि कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हरही तोच होता. मी सेवा केंद्राच्या दोन खेपा घातल्या. तिथे प्रत्येक वेळी विंडोज पुन्हा टाकून मिळाले आणि यंत्रात दोष नाही असे सांगण्यात आले. दोष खरोखरच नव्हता, कारण माझे कार्ड मुळातच कमी विजेवर चालावे असे बसवलेले होते.

एनव्हिडिया ही कंपनी चिप बनवते, पण त्या चिपला किती वीज द्यायची हे एका मर्यादेत लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. आरटीएक्स ३०५० साठी ही मर्यादा ३५ ते ८० वॅट अशी आहे. आरटीएक्स ४०५० आणि ४०६० साठी ती ३५ ते ११५ वॅट आहे. म्हणजे पाटीवर एकच नाव असलेली दोन कार्डे विजेच्या बाबतीत एकमेकांच्या तिप्पट असू शकतात. जितकी वीज जाते तितकी उष्णता बाहेर पडते, ती बाहेर फेकायला तांब्याच्या नळ्या आणि पंखे लागतात, त्यांना जागा लागते आणि त्यांचे वजन होते. सडपातळ लॅपटॉपमध्ये ही जागाच नसल्यामुळे कंपनी कार्डाला अर्धपोटी ठेवते आणि नाव मात्र पूर्ण छापते. पूर्वी अशा कमी विजेच्या कार्डांच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ असे लिहिलेले असे, त्यामुळे निदान संशय तरी येई. ३००० मालिकेपासून ही खूण नावातून गेली. ओरड झाल्यावर २०२१ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना वॅटचा आकडा उत्पादनाच्या पानावर द्यायला सांगितले खरे, पण ऑनलाइन विक्रीच्या पानांवर तो आजही बहुधा सापडत नाही.

तो शोधण्यासाठी लॅपटॉपच्या खालच्या बाजूला किंवा खोक्यावर छापलेला पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, लिहून घ्यावा आणि कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्याचे तांत्रिक तपशील उघडावेत. तिथे टीजीपी किंवा मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर, म्हणजे कार्डाला मिळणारी कमाल वीज, असा आकडा दिलेला असतो. दुकानात यंत्र चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधील हेल्प या यादीतून सिस्टम इन्फर्मेशन उघडल्यावरही तो दिसतो. कुठेच सापडला नाही, तर तो सांगण्यासारखा नाही असे मी सरळ गृहीत धरतो आणि पुढच्या मॉडेलकडे वळतो.

आकडा सापडला तरी लगेच हुरळून जाऊ नये. ‘७५ वॅटपर्यंत’ असे लिहिलेले असते तेव्हा त्यातील १५ ते २५ वॅट बऱ्याचदा डायनॅमिक बूस्टचे असतात. प्रोसेसर रिकामा असताना त्याच्या वाट्याची वीज कार्डाकडे वळवायची, अशी ती सोय आहे. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी राबतात अशा कामात हे जास्तीचे वॅट मिळतीलच असे नाही. म्हणून मूळ आकडा आणि बूस्टचा आकडा वेगळे लिहिले असतील, तर मूळ आकड्यावर निर्णय घ्यावा.

मग किती वॅट पुरेसे? ४०५० च्या वर्गातील कार्डासाठी मूळ ६० वॅटच्या खाली मी कोणाला जाऊ देत नाही. ४० वरून ६० वर गेल्याने जो फरक पडतो, तो ९० वरून ११० वर गेल्याने पडत नाही. त्यामुळे सर्वांत मोठा आकडा शोधत, त्यापायी अडीच किलोचे धूड घरी आणण्याचीही गरज नाही.

वॅटनंतर कार्डाची स्वतःची मेमरी पाहावी. ती भरली की उरलेला माल मुख्य रॅममध्ये जातो, तिथून तो संथपणे ये-जा करतो आणि दृश्य अडखळू लागते. तिथे वॅट कितीही असले तरी उपयोग नसतो. ३०५० चे ४ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार विकले जातात. आज ४ जीबी घेऊ नये. ४०५० ला ६ जीबी आणि ५०५० ला ८ जीबी मेमरी असते. स्वस्त आणि हलक्या लॅपटॉपमध्ये आरटीएक्स २०५० हे नावही वारंवार दिसते. त्यातील चिप ३०५० च्याच पिढीची आहे, पण मेमरी ४ जीबीच आणि तिच्याकडे जाणारा रस्ता ६४ बिटचा, म्हणजे ४ जीबीच्या ३०५० च्या निम्म्या रुंदीचा आहे. ‘आरटीएक्स आहे’ एवढ्यावर माल विकणाऱ्यांचे हे आवडते कार्ड. त्यापासून दूर राहावे.

या सगळ्यातून माझे मत असे बनले आहे: ७०-७५ हजारांत दीड किलोचा आणि स्वतंत्र कार्डाचा लॅपटॉप कोणी दाखवत असेल, तर त्यातील कार्ड अर्धपोटी आहे असेच धरून चालावे आणि तो घेऊ नये. रेंडर खरोखरच करायचे असेल, तर सव्वादोन किलोचे यंत्र पत्करावे. मात्र ते टाइप-सीवरही चार्ज होते ना, हे पाहून घ्यावे. तशी सोय असली की जड चार्जर घरीच रेंडरसाठी ठेवून वर्गात लहान चार्जर नेता येतो. तसेही बॅटरीवर असताना स्वतंत्र कार्डाची ताकद बरीच कमी केली जाते, तेव्हा मोठे रेंडर विजेच्या जोडणीवरच करायचे असते.

४. स्वतंत्र कार्ड नको असेल तर

ज्यांना वजनच महत्त्वाचे आहे, त्यांनी चांगल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सचा, १.३ ते १.५ किलोचा लॅपटॉप घ्यावा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी हेच सुचवतो. एएमडीचे रेडिऑन ७८०एम किंवा इंटेलच्या कोअर अल्ट्रामधील आर्क हे ग्राफिक्स मध्यम आकाराचे स्केचअप मॉडेल, साधे व्हिडिओ संपादन आणि कमी सेटिंगवरचे खेळ समाधानकारकपणे चालवतात. मात्र इथेही दोन सापळे आहेत.

पहिला सापळा एएमडीच्या क्रमांकांचा आहे. २०२३ च्या ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा चिपची खरी पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू मधील २ म्हणजे एएमडीची झेन २ ही चिपची रचना, जी २०१९ मधली आहे, आणि तिच्यासोबत येणाऱ्या रेडिऑन ६१०एम मध्ये ग्राफिक्सचे अवघे २ गाभे असतात; ७८०एम मध्ये ते १२ असतात. दुकानात मात्र दोन्हींवर ‘रायझन ७००० मालिका, रेडिऑन ग्राफिक्स’ अशीच पट्टी असते.

दुसरा सापळा रॅमचा आहे. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅमच वापरते, त्यामुळे रॅम दोन चॅनेलवर, म्हणजे एकाच वेळी दोन मार्गांनी, चालणे अत्यावश्यक आहे. इंटेलच्या ज्या चिपवर आयरिस एक्सई असे नाव यायला हवे, तिथे रॅम एकाच चॅनेलवर असेल तर विंडोज तेच ग्राफिक्स साधे यूएचडी म्हणून दाखवते. मी हे प्रथम पाहिले तेव्हा दुकानदाराने वेगळाच लॅपटॉप गळ्यात मारला असे वाटून त्याच्याशी हुज्जत घातली होती. नंतर रॅमची दुसरी पट्टी बसवल्यावर नाव आपोआप बदलले आणि मला त्याची माफी मागावी लागली. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसते. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ असे लिहिलेले असेल तर रॅम बोर्डवरच डकवलेली आहे. अशा यंत्रात घेतानाच १६ जीबी असायला हवी, कारण रिकामा स्लॉट नसेल तर पुढे काहीच करता येत नाही. ८ जीबी डकवलेली आणि एक स्लॉट मोकळा असेल, तर ८ जीबीची पट्टी बसवून काम भागते.

५. उरलेल्या गोष्टी

फाइली साठवणारी एसएसडी ५१२ जीबी असावी. स्क्रीन किती रंग दाखवते याचे माप तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिले असेल तर रंग फिके दिसणार हे समजावे. चित्रांशी संबंध असणाऱ्यांनी शंभर टक्के एसआरजीबी (हेही रंगांचेच माप) आणि किमान ३०० निट्स उजेडाची स्क्रीन घ्यावी. किंमत फारच कमी वाटली तर विंडोज आहे की नुसता डॉस, म्हणजे विंडोज वेगळे विकत घ्यावे लागणारा लॅपटॉप, हे विचारावे.

६. खरेदी आणि पहिला आठवडा

शक्य असेल तर मॉडेल आधी हाताळून पाहावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सकाळी गर्दी नसताना गेल्यास काही दुकानदार चालू यंत्र पंधरा मिनिटे निवांत पाहू देतात. जीएसटीचे पक्के बिल घ्यावेच, वॉरंटीच्या वेळी तेच मागतात. गेल्या वर्षीचे मॉडेल नव्याच्या आगमनानंतर स्वस्त झाले असेल, तर ते बिनधास्त घ्यावे. वर सांगितलेले आकडे जुळत असतील तर एक वर्ष मागे राहिल्याने काही बिघडत नाही.

यंत्र घरी आल्यावर, बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत, एक चाचणी करावी. चार्जर लावून पंख्यांची सेटिंग सर्वांत वेगवान ठेवावी, यंत्रातील वॅट आणि तापमान दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून बाजूला ठेवावे आणि युनिजिन हेवन ही ग्राफिक्सची चाचणी किंवा स्वतःच्या कामाची जड फाइल वीस मिनिटे सलग चालवावी. पहिल्या दोन मिनिटांत सगळीच यंत्रे मर्दुमकी दाखवतात, त्यामुळे पंधराव्या मिनिटानंतर कार्डासमोर किती वॅट दिसतात ते लिहून घ्यावे. पानावर छापलेल्या मूळ आकड्याच्या आसपास ते टिकले असतील तर खोके माळ्यावर टाकायला हरकत नाही. ते बरेच खाली घसरले असतील तर पडद्याचे छायाचित्र घेऊन त्याच दिवशी बदलून मागावे आणि ‘विंडोज पुन्हा टाकून देतो’ या उत्तरावर समाधान मानू नये.